दुकानात बसणारे आणि दुकानात उभे राहणारे

गेल्या पितृपंधरवड्यात एक ब्लाउजपीस बदलून घ्यायला साडीच्या एका मोठ्या दुकानात गेले होते. त्या पंधरा दिवसांत नवं कापड घ्यायला सहसा कोणी फिरकत नाही. दुपारचे तीन, पहिला मजला, गिऱ्हाईक म्हणून मी एकटी. सिल्कच्या काउंटरमागे चार मुली उभ्या होत्या. साड्यांच्या घड्या घालून झालेल्या, कप्पे लावून झालेले, काचेवरचे बोटांचे डाग पुसून झालेले. एकीने उजव्या पायातली चप्पल काढून तो पाय डाव्या पोटरीला टेकवला होता, तळ्यातल्या बगळ्यासारखा. थोड्या वेळाने तिने पाय बदलला.

"बसा ना काकू," म्हणत तिने लाल रेक्झिनचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"अगं, मग तूही बस की."

तिने मान न हलवता फक्त डोळे वर केले. छताच्या कोपऱ्यात कॅमेरा होता. "आम्हाला नाही चालत."

"गिऱ्हाईक समोर असताना ना?"

"नसतानाही."

सकाळी दहा ते रात्री साडेआठ, मध्ये जेवायला अर्धा तास. बाकी सगळा वेळ उभ्यानं. भिंतीला टेकलं तरी खालून फोन येतो. दोनदा टेकताना सापडलं की हजेरीवर खूण.

कामाच्या ठिकाणच्या विचित्र नियमांबद्दल लोक हसत हसत बोलतात: डबा अमुकच वेळी उघडायचा, लिफ्ट साहेबांसाठी राखीव, शुक्रवारीच टी-शर्ट. हा नियम त्या मानाने विचित्र वाटतच नाही, इतका तो डोळ्यांना सरावलेला आहे. दुकानातला नोकर उभा असतो, त्यात काय एवढं? पण या एका नियमापायी केरळमध्ये बायका रस्त्यावर आल्या आणि दोन राज्यांना कायदा बदलावा लागला. म्हणून हेच प्रकरण नीट उलगडून बघावंसं वाटलं.

मिठाई तेरुवु

कोझिकोडमधली मिठाई तेरुवु ही जुनी बाजारपेठ. तेरुवु म्हणजे रस्ता, आणि मिठाई म्हणजे आपलीच मिठाई. तिथला रंगीत, तुपकट हलवा प्रसिद्ध आहे. हलव्याबरोबर कापडाचीही दुकानं खच्चून. त्यांत काम करणाऱ्या बहुतेक बायका, आणि त्यांची पहिली तक्रार बसण्याची नव्हतीच. ती स्वच्छतागृहाची होती. दुकानात बायकांसाठी सोय नाही, म्हणून जवळच्या हॉटेलात जायचं, तिथे नुसतं कसं जाणार म्हणून चहा घ्यायचा, आणि त्या चहाने पुन्हा जावं लागायचं. बऱ्याच जणींनी यावर साधा उपाय काढला होता: दिवसभर पाणीच प्यायचं नाही. मूत्रमार्गाचे आजार ही त्याची किंमत.

याच भागात शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी २०१० च्या सुमारास या बायकांना एकत्र आणायला सुरुवात केली. गटाचं नाव 'पेणकूट्टु', म्हणजे बायकांची सोबत. मोठ्या कामगार संघटना केरळात काही कमी नाहीत. पण त्यांच्या मागण्यांच्या यादीत लघवीला जाण्याचा आणि बसण्याचा मुद्दा बसत नव्हता. तो फार किरकोळ वाटत असावा. यादी करणारे पुरुष होते, हेही आहेच. पुढे या बायकांनी असंघटित क्षेत्रातल्या कामगारांची स्वतःची वेगळी संघटना काढली.

स्वच्छतागृहानंतर दुसरा मुद्दा खुर्चीचा. आठ-दहा तास उभं राहायचं, बसलं तर बोलणी, भिंतीला टेकलं किंवा शेजारणीशी बोलत राहिलं तर पगारातून कपात, अशा तक्रारी होत्या. २०१४ च्या अखेरीस त्रिशूरमधल्या एका मोठ्या साडी-दुकानातल्या सहा जणींनी संघटनेत नाव घातलं आणि त्यांच्या लांबच्या शाखांत बदल्या झाल्या. त्या दुकानासमोर बसल्या. तीन महिन्यांहून जास्त काळ बसल्या. या लढ्याला मल्याळममध्ये 'इरिक्कल समरम' म्हणतात. इरिक्कल म्हणजे बसणं, आणि समर हा शब्द आपल्यालाही परका नाही. बसायला मिळावं म्हणून बसून केलेलं समर. कापडवाले वर्तमानपत्रांचे मोठे जाहिरातदार असतात, त्यामुळे या बायकांची बातमी सुरुवातीला फारशी छापून येत नव्हती, अशी टीका तेव्हा झाली. प्रकरण पसरलं ते समाजमाध्यमांवरून.

४ जुलै २०१८ रोजी केरळच्या मंत्रिमंडळाने १९६० च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यात दुरुस्ती करायचं ठरवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अध्यादेश निघाला. कामगारांसाठी बसायची सोय ठेवणं दुकानदाराला बंधनकारक झालं. त्या वर्षीच्या बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत विजी होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूने आपल्या १९४७ च्या कायद्यात '२२-अ' हे कलम घालून तेच केलं.

नियमाची बाजू

दुकानदाराला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. पण नियम अन्यायाचा असला तरी त्यामागे काहीतरी हिशेब असतो, आणि तो ऐकून न घेता नियम वेडगळ म्हणण्यात अर्थ नाही. ओळखीच्या दोन-तीन कापडवाल्यांशी मी या निमित्ताने बोलले. त्यांच्या बोलण्यातून चार कारणं पुढे आली.

पहिलं, साडी विकणं हे उभ्याचंच काम आहे. वरच्या कप्प्यातून काढायची, झटक्यात उलगडायची, पदर खांद्यावर टाकून दाखवायचा. हे खरं आहे आणि इथे माझा वाद नाही. काम चालू असताना उभं राहावंच लागतं.

दुसरं, एक बसली की सगळ्या बसतात आणि मग मोबाइल निघतात. ही भीती खोटी नाही. पण मोबाइल उभ्यानेही बघता येतो. मोबाइलचा प्रश्न मोबाइलच्या नियमाने सोडवायचा. त्यासाठी खुर्ची काढून घेणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

तिसरं, जागा. भाडं चौरस फुटावर असतं, स्टुलं कुठे ठेवणार? यावर मी फक्त एवढंच विचारलं की गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली स्टुलं कुठल्या फुटात बसतात. उत्तर आलं नाही.

चौथं कारण खरं कारण आहे आणि ते सगळ्यांनी जवळपास एकाच शब्दांत सांगितलं: "बरं दिसत नाही हो." गिऱ्हाईक जिना चढून वर आलं आणि समोर माणसं बसलेली दिसली, तर दुकान झोपल्यासारखं वाटतं.

आता पितृपंधरवड्याकडे परत येऊ. दिवाळीच्या आधी, लग्नसराईत, शनिवार-रविवारी या दुकानांत पाऊल ठेवायला जागा नसते. तेव्हा बसायला बंदी घालायची गरजच नाही, बसायला सवड कुणाला आहे? नियमाला काम असतं ते मंगळवारी दुपारी, आषाढात, पितृपक्षात, म्हणजे काम नसतं तेव्हाच. काम चांगलं व्हावं म्हणून केलेला नियम फक्त काम नसताना लागू पडत असेल, तर तो कामाचा नियम नव्हे. मग तो कशाचा आहे?

गादी आणि काउंटर

माझे मामा नगरच्या कापडबाजारात एका दुकानात नोकरीला होते. दुकान जुन्या पद्धतीचं. चपला पायरीशी काढायच्या, पांढऱ्या चादरीच्या गादीवर मांडी घालून बसायचं. समोर गिऱ्हाईक बसलेलं, इकडे मामा बसलेले, मध्ये साड्यांचा ढीग. वरच्या फळीवरचं काढायला पोऱ्या असायचा. मामा बसल्या जागेवरून "ती डाळिंबी काढ रे, जरीच्या खालची" असं सांगायचे. गिऱ्हाईक उठून गेलं तरी मामा उठायचे नाहीत. ढिगातली एकेक साडी मांडीवर घेऊन घड्या घालत राहायचे. सगळी नोकरी त्यांनी बसून केली आणि त्यांना आळशी म्हटल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

उभं राहून साडी विकण्यात म्हणजे सनातन असं काही नाही. गादी गेली, शोरूम आलं, काचेचं काउंटर आलं, गिऱ्हाइकाला खुर्ची आली. काउंटर इतकं उंच की त्यामागे साध्या खुर्चीत माणूस बसला तर दिसेनासाच होतो. उभं राहण्याची सक्ती आधी फर्निचरने आणली, मग ती शिस्त म्हणून रुजली. ती जायला एक उंच स्टूल पुरेसं आहे, बँकेतल्या कॅशियरला असतं तसं. सराफाकडे अजूनही समोरचा माणूस बऱ्याचदा बसलेलाच असतो, आणि लाखाचा दागिना त्याच्या हातून घेताना आपला अपमान झाला असं कुणाला वाटत नाही. युरोपातल्या बहुतेक सुपरमार्केटांत कॅशियर बसूनच बिलं करतात. तिथे उभा कॅशियर दिसला तर लोक चकित होतील.

आणि आपली भाषाच बघा. "तो काय करतो?" "वडिलांच्या दुकानात बसतो." इथे बसणं म्हणजे धंदा सांभाळणं. पेढीवर बसतो, गल्ल्यावर बसतो, गादी चालवतो. मालकाच्या बाबतीत बसणं हे पद आहे. तेच क्रियापद नोकराला लावलं की अर्थ उलटतो: बसून पगार खातो, नुसता बसलेला असतो. क्रिया एकच, पण करणारा कोण यावर ती कर्तबगारी की कामचुकारपणा हे ठरतं. चौथ्या कारणातलं 'बरं दिसत नाही' तिथून येतं. बसलेली मुलगी झोपाळू दिसते असं नाही. ती बरोबरीची दिसते. गिऱ्हाइकाच्या आणि मालकाच्या बरोबरीची.

माझ्या मते या नियमाचा उगम इथे आहे, गिऱ्हाइकाच्या सोयीत नाही. आम्ही गिऱ्हाइकंही त्यातून सुटत नाही, कारण समोर चार माणसं हात बांधून उभी असली की आपल्याला उगाच चार इंच उंच झाल्यासारखं वाटतं.

पोटरीचा पंप

शरीराचा हिशेब थोडक्यात सांगते. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढतं ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. चालताना पोटरी आवळते-सुटते, शिरा दाबल्या जातात, आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. माणूस एका जागी उभा राहिला की हा पंप जवळजवळ बंद पडतो. रक्त साचतं, पाय भरून येतात, वर्षानुवर्षं असं चाललं की झडपा ढिल्या होतात आणि शिरा गाठाळ, निळ्या होऊन वर येतात. त्यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. कंबर आणि टाचा वेगळ्याच.

म्हणजे चालण्यापेक्षा स्थिर उभं राहणं वाईट, आणि दिवसभर नुसतं बसणंही काही चांगलं नाही. हिंजवडीतल्या कंपन्या म्हणूनच कर्मचाऱ्यांना उभ्याने काम करायची महागडी टेबलं देतात. बटण दाबलं की टेबल वर. तिथे उभं राहणं ही आरोग्याची चैन आहे, कारण कंटाळा आला की बटण पुन्हा दाबता येतं. साडीच्या काउंटरला बटण नाही.

एक जुनं वाक्य

या प्रकरणातली मला सगळ्यात नवलाची वाटलेली गोष्ट कायद्याच्या भाषेत आहे. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात ४४ वं कलम होतं: ज्या कामगारांना उभ्याने काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसायची योग्य सोय हवी, म्हणजे कामाच्या ओघात विश्रांतीची संधी मिळेल तेव्हा ती घेता येईल. गिरणीतल्या, कारखान्यातल्या माणसाला स्टूल मिळायला हवं हे देशाने स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी लिहून ठेवलं. इंग्लंडने तर १८९९ मध्येच दुकानात काम करणाऱ्या बायकांसाठी स्वतंत्र कायदा केला होता: दर तीन जणींमागे किमान एक आसन. आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये घातलेलं कलम वाचलं तर ते आपल्या १९४८ च्या वाक्याचंच भावंड निघतं. तीच 'संधी', तोच 'कामाचा ओघ'. कारखान्यातून दुकानापर्यंत एक वाक्य यायला सत्तर वर्षांहून जास्त लागली.

ते वाक्य चांगलं आहे, पण त्यात एक भोक आहे. संधी मिळेल तेव्हा बसायचं, पण संधी आली हे ठरवणार कोण? मॅनेजर म्हणेल, गिऱ्हाईक कधीही येऊ शकतं, म्हणजे संधी कधीच आलेली नाही. खुर्ची ठेवली की कायदा पाळला गेला. त्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीकडे कोणी डोळे वटारले तर ते कुठल्या कलमात बसतं?

कॅलिफोर्नियात हा वाद न्यायालयात नीट खणला गेला. तिथल्या नियमानुसार कामाचं स्वरूप बसू देण्यासारखं असेल तर आसन द्यावं लागतं. एका औषध-दुकानसाखळीच्या कॅशियरचं आणि एका बँकेच्या कॅशियरांचं प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. मालकांचं म्हणणं असं की सगळी पाळी मिळून एकत्र बघा. कॅशियर दिवसातून कपाटंही लावते, म्हणजे तिचं काम उभ्याचं. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने ते मानलं नाही. माणूस ज्या ठिकाणी उभा आहे त्या ठिकाणचं काम बघा, असं सांगितलं. गल्ल्यावरचं काम बसून होत असेल तर गल्ल्यावर आसन हवं, मग ती तासाभराने कपाट लावायला उठेना का. मालकाला कसं आवडतं, याला निर्णायक वजन नाही. साडीच्या दुकानाला ही कसोटी लावून बघा: साडी दाखवणं उभ्याचं, घडी घालणं बसून होण्यासारखं, वाट बघणं तर नक्कीच बसून होण्यासारखं.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पिण्याचं पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, पन्नास कामगारांवर पाळणाघर आणि शंभरांवर उपाहारगृह आहे. केरळ-तमिळनाडूसारखं बसण्याचं वेगळं कलम नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मात्र कल्याण-सोयींच्या यादीत उभ्याने काम करणाऱ्यांसाठी आसनं आहेत, आणि ती संहिता फक्त कारखान्यांपुरती नाही. कागदावर म्हणजे दार किलकिलं झालंय. मी बोलले त्या कापडवाल्यांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. एकाने तर विचारलं, "मग काय आता पलंग टाकू?"

त्याला मी जे सांगितलं ते असं. पलंग नको. दर काउंटरमागे दोन उंच स्टुलं टाक. गिऱ्हाईक जिन्यावर दिसलं की उठायचं, हा नियम कर. तो कडक ठेव, त्यात चूक काही नाही. मोबाइल खणात, हाही ठेव. फक्त 'बसायचं नाही' एवढं काढ. एक महिना करून बघ आणि विक्री पडली तर मला फोन कर. तो हसला. अजून फोन आलेला नाही, पण स्टुलंही आलेली नाहीत, हे मी येता-जाता पाहिलंय.

माझा ब्लाउजपीस बदलून होईस्तोवर त्या मुलींशी बऱ्याच गप्पा झाल्या. निघताना पाहिलं तर चौघींपैकी एक गायब. "कुठे गेली गं ती?" बगळ्यासारखी उभी असलेली मुलगी हसली आणि हळूच म्हणाली, "खालचा कप्पा लावतेय." मी काउंटरवरून वाकून बघितलं. ती फरशीवर मांडी घालून बसली होती, पाठ कपाटाला टेकलेली, चपला बाजूला, आणि हातात, कोणी आलंच तर असावी म्हणून, एक घडी घातलेली साडी. दर वीस मिनिटांनी पाळी बदलते. कॅमेऱ्यात डोकं दिसेनासं होतं, पण खालून फोन आला तर उत्तर तयार असतं.

खालचे कप्पे इतके नीट लावलेले मी दुसऱ्या कुठल्याही दुकानात पाहिलेले नाहीत.